साबणावरची मुद्रा आणि राणीच्या बागेतला हत्ती

सहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात हडप्पा संस्कृतीच्या मुद्रांविषयी जेवढा मजकूर आहे, तो वर्गात वाचून समजावून सांगायला दहा मिनिटे पुरतात. गेल्या वर्षी आम्ही त्या मुद्रांवर तीन आठवडे घालवले. मुंबईच्या पश्चिम उपनगरांतील एका मराठी शाळेत मी सहावी आणि सातवीला इतिहास-भूगोल शिकवते, आणि संग्रहालयाला वर्गाचाच एक भाग मानून शिकवण्याचा प्रयत्न आता काही वर्षे करते आहे. त्या प्रयत्नातून जे हाती लागले ते इथे सविस्तर लिहून ठेवावे असे वाटले, कारण इतर शिक्षकांना, आणि कदाचित पालकांनाही, त्याचा उपयोग होईल.

सुरुवात चुकलेलीच होती, आणि ती चूक माझी होती. पहिल्या वर्षी मी ८० मुलांना एकाच दिवशी संग्रहालयात नेले, दोन तासांत सगळी दालने दाखवण्याचा आग्रह धरला आणि प्रत्येकाच्या हाती ३५ प्रश्नांची पत्रिका दिली. मुलांनी काय केले? वस्तूंकडे न पाहता वस्तूंखालच्या पाट्या वाचल्या, त्यांतले आकडे आणि नावे उतरवली आणि पुढच्या कपाटाकडे धावली. दुसऱ्या दिवशी वर्गात काय आठवते असे विचारले तेव्हा रेल्वेचा प्रवास आठवत होता, झाडाखाली बसून खाल्लेले डबे आठवत होते, पण एकाही वस्तूचे वर्णन कोणाला नीट करता आले नाही. प्रश्नपत्रिका मात्र सगळ्यांच्या पूर्ण भरलेल्या होत्या. त्या भरलेल्या पत्रिका पाहून मला बराच काळ अस्वस्थ वाटत राहिले, कारण मुलांनी मी सांगितले तेच अगदी प्रामाणिकपणे केले होते.

त्यानंतर रचना बदलली. आता एका वेळी साधारण २० मुले नेते, एका भेटीत एकच दालन आणि त्यातही दोन-तीनच वस्तू घेते. मुख्य म्हणजे एकाच विषयासाठी दोनदा जाते. दोन भेटींच्या मधल्या आठवड्यांत मुले त्या वस्तूसारखी वस्तू स्वतःच्या हातांनी करून पाहतात. माझ्या अनुभवात सगळे काही या मधल्या आठवड्यांवर अवलंबून असते. पहिल्या भेटीत मूल वस्तू पाहते. ती करण्याच्या खटाटोपात त्याला अडचणी येतात. आणि दुसऱ्या भेटीत ते त्या अडचणी घेऊन काचेसमोर उभे राहते. तेव्हाचे पाहणे पूर्णपणे वेगळे असते.

मुद्रांचेच उदाहरण घेते. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सिंधू संस्कृतीच्या वस्तू आहेत. पहिल्या भेटीत मुलांना एवढेच काम होते की, एका वस्तूसमोर बसून तिचे चित्र काढायचे, आणि पहिली दहा मिनिटे पाटी वाचायची नाही. मुलांना सर्वांत आधी आश्चर्य वाटले ते मुद्रेच्या आकाराचे. पुस्तकातल्या चित्रामुळे त्यांना ती वहीच्या पानाएवढी असेल असे वाटत होते; प्रत्यक्षात बहुतेक मुद्रा जेमतेम अडीच सेंटिमीटर बाजूच्या चौकोनी असतात. एवढ्याशा जागेत बैलाच्या गळ्याच्या वळ्या आणि वर लिपीची ओळ कोरलेली पाहून मुले आपोआप काचेजवळ सरकली.

वर्गात परतल्यावर साबणाच्या वड्या, बोथट खिळे, केसांचे आकडे आणि शाडूची माती असे साहित्य घेतले. मूळ मुद्रा बहुधा शंखजिरे या मऊ दगडाच्या असत. साबण त्याला जवळचा आणि सुरक्षित. प्रत्येकाने वडीच्या एका तुकड्यावर एक प्राणी आणि आपल्या नावाची दोन-तीन अक्षरे कोरली, आणि ती मुद्रा मातीवर दाबली. वर्गात एकच गलका झाला, कारण सगळ्यांची नावे उलटी उमटली होती. मी हे आधी मुद्दाम सांगितले नव्हते. मग एका मुलीने विचारले, "बाई, म्हणजे तो कारागीर उलटे लिहायला शिकला असेल का?" या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. मुद्रा उमटवण्यासाठी असते, म्हणून तिच्यावरची अक्षरे आरशात दिसावीत तशी कोरावी लागतात, आणि वाचायची ती तिच्या ठशावरून.

दुसरी अडचण मला स्वतःलाही अपेक्षित नव्हती. मुद्रा मातीत दाबली की ती तिथेच चिकटून बसे आणि बोटांनी उचलताना ठसा बिघडे. दोन दिवसांच्या प्रयत्नांनंतर एका गटाने नवीन वडी घेतली आणि तिच्या पाठीमागे धरण्यासाठी एक उंचवटा ठेवून बाकीचा साबण तासून काढला. त्यानंतरच मी त्यांना खऱ्या मुद्रेच्या मागील बाजूचे छायाचित्र दाखवले. अनेक मुद्रांच्या पाठीवर अशीच एक घुंडी असते, आणि दोरा ओवता यावा म्हणून तिला आरपार भोक असते. त्या गटातल्या मुलांच्या चेहऱ्यावर जे समाधान होते ते मी आधी सांगून टाकले असते तर त्यांना मिळाले नसते. चार हजार वर्षांपूर्वीच्या एका कारागिराला जी अडचण आली, तीच त्यांना आली होती, आणि तोडगाही तोच सुचला होता.

तिसरी गोष्ट लिपीच्या दिशेची. सिंधू लिपी अजून सर्वमान्यपणे वाचली गेलेली नाही, परंतु ती प्रामुख्याने उजवीकडून डावीकडे लिहिली जात असे हे अभ्यासकांनी ठरवले आहे. न वाचता येणाऱ्या लिपीची दिशा कशी ठरवता येईल, हा प्रश्न मी फळ्यावर लिहून ठेवला होता. उत्तर मुलांच्याच साबणांवर सापडले. ज्यांचे नाव लांब होते त्यांची शेवटची अक्षरे जागा न उरल्याने बारीक होऊन कडेला दाटली होती. वहीच्या ओळीच्या शेवटी शब्द कोंबताना होते तसे. काही सिंधू लेखांच्या ठशांत अशी दाटी डाव्या टोकाला दिसते, म्हणजे लिहिणारा डावीकडे येऊन थांबत होता. पुराव्यावरून निष्कर्षापर्यंत कसे जायचे हे इतिहास शिकवताना आपण सांगतो खरे, पण अकरा-बारा वर्षांच्या मुलांना ते इतक्या स्वच्छपणे दिसल्याचे मी क्वचितच पाहिले आहे.

दुसऱ्या भेटीत ही मुले त्याच कपाटासमोर पाऊण तास बसली. कोणी ठशाची दिशा पाहत होते, कोणी कडेला दाटलेल्या खुणा शोधत होते. तिथे पहाऱ्यावर असलेले काका दोनदा येऊन पाहून गेले आणि शेवटी मला म्हणाले, "मॅडम, एवढा वेळ इथे कोणी बसत नाही." मला ते वाक्य कोणत्याही शेऱ्यापेक्षा मोलाचे वाटते.

वजनांचा प्रयोग याच्याच जोडीने झाला आणि तो गणिताच्या शिक्षकांच्या मदतीशिवाय झाला नसता. सिंधू संस्कृतीतील वजने बहुधा चर्ट या कठीण दगडाची, घासून गुळगुळीत केलेली घनाकृती असत, आणि लहान वजनांची मालिका १, २, ४, ८, १६, ३२, ६४ अशी दुप्पट होत जाते. त्यांतले सोळाव्या पटीचे वजन, साधारण १३.६ ग्रॅमचे, सर्वाधिक आढळते. मुलांनी शाडूचे तुकडे तराजूवर तोलून अशी मालिका तयार केली, आणि दोन दिवसांनी पुन्हा तोलली तेव्हा सगळी वजने हलकी भरली. माती वाळली होती. दगडच का, आणि तोही कठीण दगडच का, हे सांगण्याची गरजच उरली नाही. दुप्पट करत जाण्याचे कारणही त्यांच्या हातांना कळले: तराजू असेल तर एखाद्या गोष्टीचे दोन समान भाग करणे सर्वांत सोपे असते, आणि अशा थोड्या वजनांत पुष्कळ मापे तोलता येतात. घरी विचारून या असे सांगितल्यावर आजी-आजोबांकडून रुपयाचे १६ आणे आणि ६४ पैसे आले, शेराच्या १६ छटाका आल्या. १९५७ मध्ये दशमान नाणी येईपर्यंत हाच हिशोब होता, आणि "सोळा आणे खरे" असे आपण अजून म्हणतोच. या दोन पद्धतींत थेट नाते आहे असे मी मुलांना सांगितले नाही. तेवढा पुरावा माझ्याकडे नाही, आणि साम्य दिसले की नाते जोडण्याची घाई करू नये हेही त्यांना शिकायचे आहे.

संग्रहालयातल्या वस्तूंना हात लावता येत नाही, मग हाताने शिकणे कसे होणार, असे मला पुष्कळ जण विचारतात. नियम योग्यच आहे. तळहाताच्या घामातील क्षार आणि तेल धातूवर आणि दगडावर परिणाम करतात, आणि दररोज शेकडो हात लागले तर वस्तू टिकणार नाही. हे मुलांना कारणासह सांगितले की ती नियम मनापासून पाळतात. आणि संग्रहालयाची एक फार मोठी वस्तू हात लावण्यासाठी खुली असते. ती म्हणजे त्याची इमारत. जॉर्ज विटेट यांनी रचलेल्या या इमारतीची कोनशिला १९०५ मध्ये बसली. १९१४ मध्ये ती बांधून झाली, परंतु पहिल्या महायुद्धात तिथे लष्करी रुग्णालय होते, आणि लोकांसाठी संग्रहालय उघडले ते १९२२ मध्ये. बाहेरच्या भिंतींत कुर्ल्याचा निळसर काळा बेसॉल्ट आणि मालाडचा पिवळसर दगड आहे. आमची बरीच मुले मालाडला राहतात. आपल्या स्थानकाच्या नावाचा दगड या भिंतीत आहे हे कळल्यावर त्यांनी दोन्ही दगडांवर तळवे ठेवून कोणता खडबडीत, कोणता गार, कोणता अधिक झिजलेला हे नोंदवले. त्या एका भिंतीतून भूगोलाचे दोन तास झाले. बेसॉल्ट म्हणजे दख्खनच्या पठारावर साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पसरलेला लाव्हा, तोच घारापुरीच्या लेण्यांचा दगड, आणि पावसाळ्यात आरे कॉलनीच्या ओढ्यात दिसतो तोही तोच.

याच संग्रहालयात सोपाऱ्याला सापडलेला अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा आहे. वर्गातल्या एका मुलाची मावशी नालासोपाऱ्याला राहते. ज्या गावाला तो सुट्टीत लोकलने जातो तिथे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी राजाची आज्ञा दगडावर कोरली गेली होती हे त्याला कितीतरी वेळ खरेच वाटेना. ब्राह्मीतला "क" अधिक चिन्हासारखा आणि "ठ" पूर्ण वर्तुळ असतो, आणि आजच्या आपल्या "ठ"मध्ये ते वर्तुळ अजून शाबूत आहे, एवढे दाखवले की मुले पुढची अक्षरे स्वतः शोधतात.

दुसरे सत्र भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड मुंबई शहर संग्रहालयात होते. १८७२ मध्ये उघडलेले हे मुंबईतले सर्वांत जुने संग्रहालय, आणि भाऊ दाजींचे नाव त्याला १९७५ मध्ये मिळाले. आत मातीच्या लहान प्रतिकृती, जुने नकाशे असे पुष्कळ काही आहे, पण आम्ही आवारातल्या घारापुरीच्या दगडी हत्तीपाशी थांबलो. या हत्तीवरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटले. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला, उचलताना तो कोसळून त्याचे तुकडे झाले, ते तुकडे संग्रहालयाला लागून असलेल्या राणीच्या बागेत आणले गेले आणि १९१४ मध्ये जोडून हत्ती पुन्हा उभा केला गेला. मी मुलांना ही हकिकत आधी सांगितली नाही. हत्तीभोवती तीन फेऱ्या मारायच्या आणि काही विचित्र दिसले तर चित्रात खूण करायची, एवढेच काम दिले. सांधे बहुतेक सर्वांनी शोधले, आणि "हा एकदा फुटला होता" हा निष्कर्ष त्यांचा स्वतःचा होता.

मग ऑगस्टमध्ये, गणपतीच्या आधी, शाळेत शाडूचे हत्ती झाले. ते वाळल्यावर प्रत्येक गटाने आपला हत्ती फोडला आणि तुकडे दुसऱ्या गटाला जोडायला दिले, त्यातला एखादा तुकडा मुद्दाम काढून ठेवून. एका मुलाच्या काकांचा गणपतीचा कारखाना आहे. वाळलेल्या तुकड्याला ओली माती लावली तर ती वाळताना आक्रसते आणि सांध्याला तडा जातो, हे त्याने सर्वांना आधीच सांगितले होते. तरी तीन गटांनी करून पाहिले, आणि तडे गेले. वजने हलकी का झाली आणि सांधा का तडकला ही दोन्ही कारणे एकच आहेत, हे एका मुलीने जोडून दाखवले तेव्हा विज्ञानाच्या बाई वर्गातच होत्या, आणि पुढचा तास त्यांनीच घेतला.

सर्वांत दीर्घ चर्चा झाली ती हरवलेल्या तुकड्यावरून. सोंडेचे टोक नसेल तर नवे करून बसवावे की जागा रिकामी ठेवावी? निम्म्या वर्गाला पूर्ण हत्ती हवा होता. उरलेल्यांचे म्हणणे होते की नवे टोक कसे होते हे आपल्याला माहीतच नाही, तर ते बसवणे म्हणजे खोटे सांगणे. जतन करणारे तज्ज्ञ याच प्रश्नाशी रोज झुंजतात. नवी भर जवळून पाहिल्यावर ओळखू यावी आणि गरज पडल्यास मूळ वस्तूला इजा न होता काढता यावी, असे तत्त्व त्यांनी मानले आहे. चर्चा संपल्यावर मी ते सांगितले, तेव्हा एका गटाने पांढऱ्या शाडूच्या सोंडेला तांबड्या मातीचे टोक लावले.

वर्षाच्या शेवटी मुलांनी वर्गाच्या एका भिंतीशी स्वतःचे संग्रहालय मांडले. घरातली एक जुनी वस्तू आणि तिच्यासाठी ५० शब्दांची पाटी, एवढीच अट होती. पाटा-वरवंटा आला, अडकित्ता आला, पितळी पानदान आले. पाटी लिहिणे हे निबंधापेक्षा कठीण लेखन आहे, हे मला त्या वेळी जाणवले. वस्तू कशाची आहे, कोणी वापरली, कशासाठी, आणि आता ती का वापरात नाही, हे ५० शब्दांत सांगायचे तर प्रत्येक शब्द जागेवर हवा. एका मुलाच्या आजोबांनी गिरणीतला आपला बिल्ला घराबाहेर नेऊ दिला नाही. मुलाने त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिलीने घासून त्याचा ठसा घेतला आणि तो आणला. त्याच्या पाटीवरची शेवटची दोन वाक्ये अशी होती: "१९८२ च्या संपानंतर आजोबा पुन्हा गिरणीत गेले नाहीत. बिल्ला त्यांनी परत केला नाही." मी त्यात एकही दुरुस्ती केली नाही.

हे सगळे सोपे आहे असे मी म्हणणार नाही. एका भेटीमागे पालकांची संमतीपत्रे, रेल्वेचा प्रवास, सोबतीला दोन पालक, आणि मुख्य म्हणजे माझी स्वतःची आधीची एक फेरी असते. ज्या दालनात आपण स्वतः तासभर बसलो नाही तिथे मुलांना नेऊ नये असे माझे ठाम मत झाले आहे. अभ्यासक्रम मागे पडतो ही तक्रारही खरी आहे. मुद्रांवर तीन आठवडे गेल्यावर पुढचे दोन धडे मला भराभर घ्यावे लागले, आणि ते तसेच वरवरचे राहिले. तरीही मला हा सौदा मान्य आहे. १९३७ मध्ये वर्ध्याला मांडलेल्या नई तालीमच्या योजनेत ७ ते १४ वर्षांच्या मुलांचे शिक्षण हातांच्या उद्योगाभोवती उभे करण्याचा विचार होता, आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही सहावी ते आठवीच्या काळात दप्तराविना १० दिवसांची कल्पना आहे. या वयाचे मूल गोष्टीवर विश्वास ठेवण्याच्या टप्प्यातून बाहेर आलेले असते, आणि "कशावरून?" असे विचारू लागलेले असते. त्याच्या हाती तेव्हाच पुरावा पडायला हवा.

यंदाच्या सहावीने हत्तीचे वजन काढण्याचे ठरवले आहे. हाताच्या अंतरावर धरलेल्या पेन्सिलीने, शेजारी उभ्या मित्राच्या उंचीच्या प्रमाणात, त्यांनी हत्तीची मापे घेतली. एक घनमीटर बेसॉल्ट सुमारे ३ टन भरतो हे त्यांना दिले होते. एका गटाने सगळा हत्ती एकाच मोठ्या खोक्यात बसवला, तर दुसऱ्याने धड, डोके, सोंड आणि चार पाय अशी सात खोकी केली, त्यामुळे एकाचे उत्तर दुसऱ्याच्या जवळपास दुप्पट आले आहे. पोटाखालची मोकळी जागा कोणी मोजली आणि कोणी सोडली यावरून आठवडाभर वाद चालू आहे. संग्रहालय बुधवारी बंद असते, म्हणून पुन्हा मोजायला आम्ही येत्या गुरुवारी भायखळ्याला जाणार आहोत.